समोर बसून वाचलेली पुस्तकं

गेल्या तीन महिन्यांत मी प्रेमावरची पाच पुस्तकं वाचली. माझ्या वयाच्या माणसानं हे चारचौघांत सांगू नये, असं आमच्या कॉलनीतल्या मंडळींचं मत दिसतं. सकाळी बागेत फिरताना एकानं विचारलं, "सध्या काय वाचन?" मी खरं ते सांगितलं. पुढचे दोन दिवस ते गृहस्थ माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. पंचाहत्तरीला माणसानं पोथी वाचावी, फार तर मधुमेहाचं पथ्यपाणी वाचावं. प्रेम म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारा चळला.

पण मी ती पुस्तकं हौसेनं वाचली नाहीत, गरजेपोटी वाचली. दिवाळीनंतर आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मुलगी पुण्याला, मुलगा नाशिकला. दोघांनी आपसात फोनाफोनी करून ठरवून टाकलं की सिडकोतला एक छोटा हॉल घ्यायचा, पन्नास-साठ माणसं जेवायला बोलवायची आणि जेवणाआधी बाबांनी आईबद्दल बोलायचं.

"पाचच मिनिटं, बाबा. मनातलं बोला," मुलगी म्हणाली.

"बघू," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको तिथंच बसून मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "बोलायचं असंल तर खरं बोला. लोकांसाठी गोड गोड नका बोलू. नायतर बोलूच नका, मला चालतंय."

तिनं ते सहज म्हटलं, पण मी त्या वाक्यात अडकलो. पन्नास वर्षांत मी तिला प्रेमाचं असं एक वाक्य कधी बोललेलो नाही. प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. सुचायचं नाही, आणि सुचलं तर तोवर ती स्वयंपाकघरात गेलेली असायची. आता पन्नास-साठ माणसांसमोर, तिच्या समोर, मी उभा राहणार आणि खोटं काहीतरी बोलून बसणार, याची मला खरोखर भीती वाटत होती. लोकांचं काय, ते टाळ्या वाजवतील आणि पंगतीला जातील. तिला मात्र कळलं असतं. म्हणून मी ठरवलं की ज्यांना हे नीट सांगता येतं त्यांचं वाचावं, बघावं ते कसं सांगतात.

पहिलं पुस्तक मुलीनंच पाठवलं. चारशे पानांची जाडजूड कादंबरी, लिहिणारी बाई तिशीतली असावी. त्यातली पोरगी आणि पोरगा मोबाइलवर भेटतात, मोबाइलवर भांडतात, मोबाइलवरच एकमेकांना माफ करतात. चार दिवसांत मी ते संपवलं.

"कसं हाय?" बायकोनं विचारलं.

"चुका फार आहेत," मी म्हणालो. "एका पानावर तर अख्खी ओळ दोनदा छापलीय. हल्ली कुणी बघतच नाही."

"ते नाय विचारलं. त्या पोरीचं पुढं काय झालं?"

मला सांगता येईना. पोरीचं काहीतरी झालं होतं, शेवटी ती कुठल्या तरी स्टेशनवर उभी होती एवढं आठवत होतं. चारशे पानांच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा मात्र भरपूर होत्या. बायकोनं मग ते पुस्तक दोन दुपारी बसून वाचलं आणि चष्मा काढत म्हणाली, "चारशे पानात त्या बाबानं एकदा बी तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाय. अन म्हणं प्रेम." माझ्या मते त्या कादंबरीवर एवढं अचूक कुणी लिहिणार नाही.

माझी ही खोड धंद्याची आहे. मी आयुष्यभर प्रुफं तपासली. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता, तिथं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून कॉम्प्युटर येऊन छापखाना बंद होईपर्यंत मी तेच एक काम केलं. प्रुफं तपासणारा मजकुराच्या अर्थात गुंतला की बुडाला. गोष्ट रंगात आली की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. म्हणून मी गोष्ट वाचायचीच नाही, अक्षरं तेवढी वाचायची, अशी सवय लावून घेतली. ती इतकी मुरली की परवा शहराच्या पाट्यांवर नवं नाव आलं तेव्हा सगळं गाव वाद घालत होतं आणि मी स्टँडसमोर उभा राहून पाटीवरची वेलांटी तपासत होतो.

त्याच्या मागेही एक गोष्ट आहे. माझे वडील निजामाच्या राज्यात कचेरीत कारकून होते. उर्दू असं लिहायचे की साहेब लोक कागद हातात धरून नुसते बघत राहायचे. पोलीस ॲक्शन झाली, पुढे हळूहळू कारभार मराठीत आला, आणि चाळिशीला टेकलेला हा माणूस घरी पाटी घेऊन मुळाक्षरं गिरवायला बसला. मी तेव्हा पहिलीत होतो. आम्ही बापलेक एकाच कंदिलाजवळ बसून एकच धडा गिरवायचो. कचेरीत कालची पोरं त्यांच्या मसुद्यावर लाल रेघा मारायची. ते घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, "बेटा, तुझ्या लिहिण्यात कुणाला चूक सापडता कामा नये. बास, एवढंच कर." मी एवढंच केलं. जरा जास्तच केलं.

छापखान्यात प्रुफं तपासायला दोन माणसं लागतात. एकानं लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते ऐकत छापलेल्या प्रुफावर पेन्सिल फिरवायची. हस्तलिखित वाचण्याला आम्ही कॉपी धरणं म्हणायचो. कॉपी धरणाऱ्यानं वाचनात भाव ओतायचा नसतो. सरळ, एका सुरात, विरामचिन्हांसकट वाचायचं. प्रुफात नसलेलं काही ऐकू आलं की समजायचं, खिळे जुळवताना मजकूर सुटला. लगेच समासात लिहून द्यायचा, म्हणजे तो जोडला जातो. काम तुंबलं की मी प्रुफं घरी आणायचो आणि संध्याकाळी चहा झाला की बायको माझ्या समोर कॉपी धरून बसायची. ती फुलंब्रीची, मॅट्रिक झालेली, वाचन खणखणीत. "मी तुझी वाट पाहीन, स्वल्पविराम, जन्मभर पाहीन, उद्गारचिन्ह, नवा परिच्छेद." मध्येच भात उतू जाईल म्हणून उठायची, पातेल्यावरचं झाकण सरकवून यायची आणि जिथं सोडलं तिथूनच पुढे. अशा कितीतरी प्रेमकथा तिनं मला वाचून दाखवल्या असतील. मी त्यातली एकही ऐकली नाही.

तर मुद्दा असा, की पंचाहत्तरीला मला वाचायला शिकावं लागलं. दुसऱ्या पुस्तकापासून मी पेन्सिल कपाटात ठेवून दिली.

ते दुसरं पुस्तक छोटं होतं, दक्षिणेतल्या कुठल्याशा भाषेतून मराठीत आलेलं. एका म्हाताऱ्या बाईला काही आठवेनासं होतं आणि तिचा नवरा रोज सकाळी तिला स्वतःची नव्यानं ओळख करून देतो. मी रडलो. मग मला त्या नवऱ्याचा राग आला. तो कधी वैतागत नाही, त्याला कधी दाढदुखी होत नाही, दूध नासलं तरी तो हसतो. असा माणूस आमच्या शेजारी राहायला आला तर मला रोज टोमणे खावे लागतील. तरीही त्या पुस्तकातली एक गोष्ट मी धरून ठेवली. तो नवरा तिच्याशी बोलताना हातातलं काम खाली ठेवतो. लेखकानं त्याचं कौतुक केलेलं नाही, नुसतं सांगितलंय.

तिसरं वाचनालयातून आणलं, ते प्रेमाचं शास्त्र सांगणारं होतं. मेंदूत काय पाझरतं, किती दिवस पाझरतं, मग का आटतं. मागे तक्ते. दोन दिवसांत परत दिलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "लवकर झालं?" मी म्हणालो, "आमच्याकडचं आटलं असेल."

चौथं म्हणजे एका नवऱ्यानं बायकोला लिहिलेली पत्रं. सुरेख पत्रं होती आणि म्हणूनच मला ती सहन होईनात. रोज एक पत्र, त्यात चंद्र, त्यात पानगळ, त्यात तिच्या हातच्या वरणाची आठवण. मी बायकोला म्हणालो, "पत्र लिहायला माणूस लांब असावा लागतो. आपण कधी लांब राहिलोच नाही. तू फार तर ते चौदा दिवस फुलंब्रीला होतीस."

"व्हय," ती म्हणाली. "आई गेली तवा."

ते दिवस काही पत्रं लिहायचे नव्हते, असं म्हणून मी विषय सोडला. तीही उठून गेली. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पाचवं पुस्तक मला वाचनालयाच्या मागच्या कपाटात सापडलं, आणि सापडलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. ते मीच तपासलेलं होतं, सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. लिहिणारे पैठणकडचे एक मास्तर, त्यांची ती पहिली आणि शेवटची कादंबरी. भिडस्त माणूस, हस्तलिखित देऊन गेले ते प्रुफं बघायलाही आले नाहीत, म्हणाले, तुमच्यावर सोपवलं. पुढे लवकरच वारले. पुठ्ठा नवा चढवला होता, पण आतली अक्षरं आमचीच. मी ते घरी आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

गोष्ट साधी. धरणाच्या कामावर आलेला एक तरुण इंजिनिअर, पैठणची एक मुलगी. त्याची बदली होते, तो निघून जातो, ती रोज नदीवर जाऊन बसते. खरं सांगायचं तर कादंबरी कच्ची आहे. मुलगी बोलते ते सगळं पाकात बुडवलेलं. "तुझ्या आठवणींच्या लाटा माझ्या काळजाच्या काठावर" वगैरे. मी कंटाळून पानं उलटत होतो. आणि ती घाटावर एकटी बसलेली असताना, त्या लाटांच्या मधोमध, एकदम हे वाक्य आलं:

"रोज समोर बसते मी, एकदा मान वर करून बघा तरी."

मी थांबलो. पुन्हा वाचलं. तो तर केव्हाच निघून गेलेला, घाटावर चिटपाखरू नाही, मग ही कुणाला म्हणते? नदीला? देवळातल्या देवाला? का मनातल्या मनात त्यालाच? आणि आजवर त्याला लाडानं अरेतुरे करणारी ही पोरगी इथं अशी कशी बोलली? मग मला वाटलं, हीच लेखकाची करामत. सगळी कादंबरी त्यांनी या एका वाक्यासाठी लिहिली असावी. आधीच्या चार पुस्तकांत मिळून जे मला सापडलं नव्हतं ते या भिडस्त मास्तरांना सापडलं होतं. प्रेम म्हणजे काय, तर कुणीतरी आपल्याकडे मान वर करून बघावं. मला मास्तरांची क्षमा मागावीशी वाटली. एवढं चांगलं वाक्य माझ्या पेन्सिलीखालून गेलं आणि मला पत्ता नाही.

मी लगेच बसून भाषण लिहिलं. मध्यभागी हे वाक्य. पुढे असं, की माझी बायको जन्मभर माझ्यासमोर बसली, आणि आमच्या भागातल्या एका लेखकानं म्हटल्याप्रमाणे, वगैरे वगैरे. खाडाखोड न करता लिहिलं. दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिला म्हणालो, "ऐक. हे खरं आहे का सांग. तुला खरं वाटलं तरच बोलतो."

मी वाचलं. ते वाक्य आलं तसे तिचे हात थांबले.

"कुणाचं म्हणले हे?"

मी पुस्तक दाखवलं. मास्तरांची गोष्ट सांगितली, त्यांच्या प्रतिभेबद्दलही चार शब्द बोललो. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, पान लांब धरून वाचलं. आधी तिला हसू आलं. मग ते गेलं.

"मास्तरचं नाय हे," ती म्हणाली. "माझं हाय."

तिनंच सांगितलं, शेंगा सोलता सोलता, सरळ आवाजात, कॉपी धरल्यासारखं.

"आई गेली, मी चौदा दिवसांनी फुलंब्रीहून आले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही ह्या पुस्तकाची कॉपी दिली हातात. तुमचं काम अडलं होतं. मी वाचू लागले. त्यात त्या पोरीची आई तिच्या केसाला तेल लावते असं काहीतरी आलं, अन माझ्या डोळ्याचं पाणी थांबंना. आवाज तेवढा सरळ ठेवला. म्हणलं, आता बघतील, मग बघतील. पान उलटलं, दुसरं उलटलं. तुमचं डोकं खालीच. मग मी म्हणलं ते. तुम्हाला म्हणलं."

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणले, 'थांब थांब, हे सुटलंय.' अन लिहून घेतलं समासात. मग म्हणले, 'हं, पुढं.'"

"आणि तू?"

"मी पुढं वाचलं."

मला ते प्रूफ आठवतं. त्याचा पिवळट कागद आठवतो, समासात बारीक अक्षरात एक ओळ घातल्याचंही पुसट आठवतं, आणि मजकूर सुटू दिला नाही म्हणून तेव्हा बरं वाटलं होतं तेसुद्धा. ती संध्याकाळ मात्र मला आठवत नाही. तिचा चेहरा आठवत नाही, कारण तो मी पाहिलाच नव्हता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. हात दोन वेळा तिच्याकडे गेला आणि दोन्ही वेळा शेंगांच्या ढिगातच राहिला.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी शेवटी विचारलं.

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्ही छापलं."

तिला राग होता असं नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं गुपचूप ते पान काढून पाहिलं होतं, असं ती म्हणाली. होतं तिथं. लई वाईट वाटलं, अन जरा हसू बी आलं. मग मुलं झाली, मुलांच्या शाळा आल्या, राहून गेलं. "अन तुम्ही काय वाईट माणूस नव्हते," ती म्हणाली. "आईच्या वेळी दोनदा बस बदलून आले होते मातीला. माझ्यासाठी साबुदाण्याची पेज घेऊन बसले होते. बघायचं तेवढं राहिलं तुमचं."

मी विचारलं, आता या वाक्याचं काय करू. खरं तर ते चुकीच्या जागी आहे, मास्तरांच्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. माझ्या धंद्याच्या हिशेबानं ते खोडायला हवं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्या पोरीला तरी कोण होतं बोलायला."

मी पुस्तक तसंच परत दिलं. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिल चालवू नये हा नियम मी तेव्हा मनापासून पाळला. लिहिलेलं भाषण फाडून टाकलं. मुलीचा फोन आला, "तयारी झाली का, बाबा?" मी म्हणालो, "झाली," आणि काय बोलणार ते मला अजिबात माहीत नव्हतं.

हॉलमध्ये पन्नास-साठ म्हटलेली माणसं शंभरावर होती. फुलंब्रीहून तिचे भाचे आले होते, छापखान्यातले दोघं जुने खिळे जुळवणारे आले होते, एकाच्या बोटांना अजून शाईचा डाग होता असं मला उगाच वाटलं. बागेत गालातल्या गालात हसणारे गृहस्थ पहिल्या रांगेत. बायको माझ्या शेजारच्या खुर्चीवर, मोरपंखी पैठणी नेसलेली. मुलीनं माइक माझ्या हातात दिला. कागद नाही बघून ती जरा घाबरली.

मी म्हणालो, "हिनं एकदा माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. मला ती तेव्हा ऐकू आली नाही. ती मी आज देतो."

आणि मी माइक टेबलावर ठेवला, तिच्याकडे वळलो आणि तिच्याकडे बघत उभा राहिलो.

तिच्या डाव्या भुवईच्या वर एक बारीक तीळ आहे. तो नवा आहे का लग्नात होता, मला सांगता येणार नाही. कपाळावरच्या रेघा, कानाशी पांढरी झालेली बट, नथीनं जरा ओढलेली नाकपुडी. आधी ती समोर लोकांकडे बघत होती. मग मांडीवरच्या हातांकडे. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले. या वेळी मला ते दिसलं. मुलीला वाटलं मी भाषण विसरलो, ती मागून हळूच म्हणाली, "बाबा, बोला ना." मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. पाच मिनिटं मला दिलेली होती, ती मी पुरती वापरली असावीत.

शेवटी बायको माझा हात ओढून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बास आता. खाली बघा, लोकं बघायलेत."

मी खाली बघितलं नाही.